टोकियोत राहायला आलात? हे बाजार बघाच

त्सुकिजी : मासळीचा घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला हलला, बाहेरच्या गल्ल्यांतली मासळीची, सुऱ्यांची दुकाने मात्र जागेवरच आहेत. सकाळी लवकर जा, दुपारी बरीचशी बंद होतात.

अमेयोको : उएनो आणि ओकाचिमाची स्थानकांदरम्यान, रेल्वेमार्गाला लागून. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळ्या बाजारातून वाढलेला. इथे थोडी घासाघीस चालते. एरवी जपानमध्ये लिहिलेला भाव तोच भाव.

शिन-ओकुबो : कोरियन दुकानांसाठी प्रसिद्ध. जवळच्या गल्लीत डाळी, मसाले, हलाल मांस मिळते. फोडणीचे साहित्य इथून आणा.

रीत : मालाला हात लावण्याआधी विचारा. घेतलेला खाऊ दुकानापाशीच उभे राहून खा. रोख येन जवळ ठेवा.

दोन शब्द : ‘इकुरा देस का?’ म्हणजे ‘कितीला?’. तेवढे जपानीत विचारा. ओळख तिथूनच सुरू होते.