रात्रपाळी दोघांची

नागपूरजवळच्या बेसा-पिपळ्याकडे गेल्या काही वर्षांत फ्लॅटच्या स्कीमच स्कीम उभ्या राहिल्या. तिथल्या अनेक बिऱ्हाडांत माणसं दोन आणि नोकऱ्याही दोन. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरीच होतं. पण सव्वा महिना उलटतो, डिंकाचे लाडू संपतात, आणि रात्री दोन वाजता ओलं दुपटं बदलायला उरतात दोघंच.

यात लेकराचा दोष नाही. नवजात बाळ दिवसाकाठी १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी. त्याला दिवस-रात्र कळू लागायला दोन-तीन महिने जातात. इकडे वार पडली की आईच्या रक्तातले इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन झपाट्याने उतरतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतीण उगाच रडते, चिडते. घरचे दृष्ट काढतात. हे रडू बहुतेकदा दोन आठवड्यांत ओसरतं. नाही ओसरलं, तर ते नैराश्य असू शकतं. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात केलेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये ते आढळलं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी, यांचा त्याच्याशी ठळक संबंध दिसला. हार्मोन तर सगळ्याच आयांचे उतरतात. त्यामुळे सारं खापर हार्मोनवर फोडणं मला पटत नाही.

बापाचं शरीरही कोरडं राहत नाही. फिलिपिन्समधल्या सेबूत ६२४ पुरुषांचा माग काढला गेला. निष्कर्ष २०११ साली आले. बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन बरंच घटलं होतं, आणि रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलांचं करणाऱ्यांत ते आणखी कमी होतं. दूध आई पाजेल. पण ढेकर काढणं, लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन निजवणं बापाला जमतं. तेवढ्यात तिची सलग झोप होते. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवसांची रजा आहे. खासगीत ती मालकाच्या मर्जीवर.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन बालमृत्यू घटवून दाखवले. त्याच धर्तीवर आज आशाताई ४२ व्या दिवसापर्यंत घरी येतात, बाळाचं वजन करतात, ताप बघतात. त्या आल्या की आईची झोप आणि रडणंही मोकळेपणाने सांगा. दोन आठवड्यांनंतरही उदासी टिकली, तर डॉक्टरांकडे जा किंवा मानसिक आरोग्यासाठीच्या १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि रात्रीही चालू असतो. बापांनीही करावा.