आईला कळतं कसं?

गुन्हेगारीचे अभ्यासक ग्लुक दांपत्य यांची हार्वर्डच्या तळघरातली खोकी या सदरात या आठवड्यात उघडायची ठरली होती. ती आणखी आठ दिवस थांबतील, कारण एका वाचक बाईंचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेवून मला पुढे जाता येत नाही. त्यांचा मुलगा पंधरा वर्षांचा. त्याच्या वर्गातला एक जण मोटारसायकल चोरीत सापडला, तेव्हापासून यांच्या डोळ्याला डोळा नाही. त्या लिहितात, "आपण कुठे आहोत, कुणाबरोबर आहोत हे आईला ठाऊक असतं असं ज्या मुलांनी सांगितलं, त्यांच्यात गुन्हे कमी आढळले, हे तुमच्याच लेखात वाचलं. मग याच्या फोनमध्ये लोकेशन कळणारं ॲप गुपचूप टाकून घेऊ का?"

प्रश्न गुन्हेगारीचे अभ्यासक ट्रॅव्हिस हर्शी यांच्यावरच्या माझ्या आधीच्या लेखावरून निघालाय, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. कॅलिफोर्नियातल्या मुलांना त्यांनी काय विचारलं ते आठवा. तू घराबाहेर असताना कुठे आहेस, हे आईला ठाऊक असतं का? कुणाबरोबर आहेस, हे असतं का? प्रश्न मुलाला होता, आईला नव्हे. तिच्या पहाऱ्याबद्दल तर त्यात एक शब्दही नव्हता. हर्शींना त्यात मनातली हजेरी दिसली : मोहाच्या घटकेला आई शेजारी नसतेच, पण मुलाच्या डोक्यात तिची आठवण जागी असते की नाही?

१९६९ साली हर्शींचं पुस्तक आलं. पुढची तीस वर्षं अभ्यासक अशाच धाटणीचे प्रश्न विचारत राहिले आणि आलेल्या उत्तरांना 'पालकांची देखरेख' म्हणू लागले. मोजलं होतं आईचं 'ठाऊक असणं', नाव दिलं 'लक्ष ठेवणं'. या दोन गोष्टी एक नाहीत, हे इतक्या जणांच्या नजरेतून कसं सुटलं याचं मला आजही नवल वाटतं. त्यावरून सल्लेही निघाले : मुलांवर नजर ठेवा, वेळा ठरवून द्या, मित्रांची चौकशी करा.

२००० साली स्वीडनमधल्या होकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी एक साधा प्रश्न विचारला. आईबापांना कळतं, ते कुठून कळतं? त्यांनी चौदा वर्षांची ७०३ मुलं आणि त्यांचे पालक घेतले आणि कळण्याच्या तीन वाटा वेगळ्या करून मोजल्या. पहिली, मूल आपण होऊन सांगतं : शाळेत काय झालं, संध्याकाळी कुठे गेलो होतो. दुसरी, पालक विचारतात, मित्रांशी आणि मित्रांच्या घरच्यांशी बोलतात. तिसरी, नियम : रात्री बाहेर जायचं तर परवानगी, उशीर झाला तर जाब. पालकांना जे ठाऊक होतं, त्याचा सर्वांत मोठा वाटा पहिल्या वाटेनं आलेला निघाला. कमी गुन्ह्यांशी घट्ट नातंही तिचंच होतं. पहाऱ्याचा हिशेब फारच थोडा भरला, आणि त्याच वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या एका निबंधात, घरचे आपल्याला मुठीत ठेवतात असं ज्या मुलांना वाटत होतं त्यांची अवस्था अधिकच वाईट निघाली.

ते निबंध मी वाचले तेव्हा मला एक बाई आठवल्या. मी परिविक्षा अधिकारी होतो. मारामारीत सापडलेल्या एका मुलाच्या गृहचौकशीला मी त्यांच्या खोलीवर गेलो होतो. बाई चार घरची धुणीभांडी करायच्या. सकाळी सहाला बाहेर पडत, परत यायला अंधार होई. मुलाचे मित्र कोण, असं विचारल्यावर त्यांनी सहा जणांची नावं घेतली. कोण कुठल्या टपरीवर बसतो, गाडी कुणाची, भांडण कुणामुळे पेटलं, सगळं सांगितलं. मी अहवालात लिहिलं, 'आई दिवसभर कामावर, मुलावर देखरेख नाही.' दिवसभर घराबाहेर असणाऱ्या बाईला हे सगळं कळलं कसं, हे मी विचारलं नाही. ते मूलच तिला सांगत होतं, दुसरं कोण सांगणार? त्या मुलाच्या बाजूनं लिहिण्यासारखी सगळ्यांत मोठी गोष्ट माझ्या समोर होती आणि मी तिच्या विरुद्ध अर्थाचं वाक्य लिहिलं. ते अजून सलतं.

स्टॅटिन-केर यांच्यावर आक्षेप आले आणि ते वजनदार आहेत. ज्यानं काही केलेलं नाही तो मोकळेपणानं सांगेलच, लपवतो तो करणारा. मग सांगण्यामुळे पोरगा सावरतो की सावरलेला आहे म्हणून सांगतो? फ्लेचर आणि स्टाइनबर्ग यांनी २००४ साली अमेरिकेतली आकडेवारी तपासून दाखवलं की पालकांच्या नियमांचाही उपयोग होतो. मला ते पटतं. रात्री दहाच्या आत घरी, हा नियम मी माझ्याही घरी ठेवला होता. पण नियम मुलाच्या समोर सांगितलेला असतो, तो त्याला ठाऊक असतो. गुपचूप टाकलेलं ॲप म्हणजे पाळत. ती कळली की मुलाचं सांगणं आटतं. ॲपवर फार तर ठिपका दिसेल; तिथे काय चाललंय आणि त्याच्या मनात काय आहे, हे ठिपका सांगत नाही.

म्हणून बाई, माझं उत्तर स्पष्ट आहे : टाकू नका.

त्याऐवजी काय, याबद्दल स्वीडनमधूनच पुढे आणखी काम झालं. लॉरी टिल्टन-वीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली पाहिलं की मुलानं काही सांगितलं तेव्हा घरच्यांनी ते कसं घेतलं. जिथे आदळआपट झाली, टोमणे मिळाले, तिथे मुलांना आपण मुठीत आहोत असं वाटू लागलं आणि त्यांचं सांगणं कमी झालं. जिथे आपुलकीनं ऐकून घेतलं, तिथे ती आणखी सांगू लागली.

तुमचा मुलगा "कुठे होतास?" ला "इथंच" म्हणत असेल. या वयात सगळेच म्हणतात. पण एखाद्या रात्री जेवताना तो त्या वर्गमित्राचा विषय आपण होऊन काढेल. कदाचित त्या गाडीवर आपणही एकदा बसलो होतो, असंही सांगेल. तेव्हा ताटावरून उठू नका, आवाज चढवू नका, वडिलांना हाक मारू नका. त्याचं पुरतं ऐका. शिक्षा, नियम, जे काही ठरवायचं ते दुसऱ्या दिवशी ठरवा आणि त्याला समोर बसवून ठरवा.

आणि तो काय म्हणाला, ते मला जरूर कळवा. ग्लुक दांपत्याची खोकी पुढच्या आठवड्यात.