नाव एकाचे, हात दुसऱ्याचे

महाराष्ट्रात ‘बँजो’ म्हटले की मिरवणुकीत वाजणारे, टंकयंत्रासारख्या कळांचे तंतुवाद्य डोळ्यांपुढे येते. ते खरे बुलबुलतरंग. जपानमधील नागोया येथे १९१२ मध्ये निर्माण झालेल्या ताइशोगोतो या वाद्याच्या कुळातले ते आहे. अमेरिकेचा बँजो सर्वस्वी निराळा. गोल लाकडी कड्यावर डफासारखी ताणलेली पुडी, तिला जोडलेली लांब दांडी आणि पाच तारांपैकी एक आखूड तार दांडीच्या अधल्यामधल्या खुंटीपासून निघालेली, असे त्याचे रूप असते. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी भोपळा, कातडे आणि काठी यांतून कॅरिबियन बेटांवर व अमेरिकेत त्याचे आद्य रूप घडविले. १८४० च्या दशकात बाल्टिमोरचे ढोल-कारागीर विल्यम बाउचर यांच्यासारख्यांनी तो विक्रीसाठी बनविण्यास आरंभ केला आणि ज्यांनी तो घडविला होता त्यांची नावे मात्र कोठेच नोंदली गेली नाहीत.

असे जुने बँजो अमेरिकेतील माळ्यांवर आणि जुन्या सामानाच्या विक्रीत आजही सापडतात. बहुतेकांची पुडी फाटलेली, खुंट्या हरवलेल्या आणि कडी गंजलेली असते. त्यांतला एखादा मोलाचा असतो, पुष्कळसे साधे असतात. दोहोंतील भेद मात्र वरवर पाहून कळत नाही.

पहिली नजर कड्याच्या आत टाकावी. दांडीच्या टोकापासून कड्याच्या पोटातून आरपार जाणारी जी लाकडी काठी असते, तिच्यावर निर्मात्याचा शिक्का आणि अनुक्रमांक उमटविण्याची पद्धत होती. फिलाडेल्फियाचे एस. एस. स्ट्युअर्ट आणि बोस्टनचे फेअरबँक्स यांचे कित्येक बँजो या शिक्क्यावरूनच ओळखता येतात. १९०४ मध्ये फेअरबँक्सच्या कारखान्याला आग लागली आणि त्याच वर्षी तो व्यवसाय बोस्टनच्याच व्हेगा कंपनीने घेतला. व्हेगाने अनुक्रमांकांची मालिका मोडली नाही, ती पुढे चालू ठेवली. त्यामुळे अभ्यासकांना आज क्रमांकावरून वर्षाचा अंदाज बांधता येतो. १९०१ चे ‘व्हाइट लेडी’ आणि १९०९ चे ‘ट्युबाफोन’ ही याच घराण्याची नामांकित वाद्ये. पुडीखालच्या धातूच्या नादकड्याची रचना पाहिली की ती वेगळी काढता येतात.

तथापि शिक्का म्हणजे निर्माता नव्हे. न्यूयॉर्कमधील जे. एच. बकबी यांच्या कारखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असंख्य बँजो बाहेर पडले आणि निरनिराळ्या विक्रेत्यांची नावे लेवून दुकानांत गेले. माल एकाचा आणि छाप दुसऱ्याची, ही रीत पेढीवर वाढलेल्या वाचकाला सांगावी लागणार नाही. अशा वेळी दांडीच्या टाचेचा कोरीव आकार, कड्याची बांधणी आणि हुकांचे घाट पाहून खरा हात ओळखावा लागतो. धातूच्या भागावर पेटंटची तारीख दिसली, तर ती शोधाची तारीख असते. वाद्य त्यानंतर केव्हाही बनलेले असू शकते. स्क्रूच्या डोक्यावर अधिकाच्या चिन्हाची खाच असेल, तर तो १९३० च्या दशकापूर्वीचा नाही. अर्थात नंतर कोणाचा तरी हात तेथे फिरलेला आहे.

दुरुस्तीत सर्वांत मोठी हानी उत्साहाने होते. काळवंडलेला मूळ लेप खरवडून नवे पॉलिश चढविले की वाद्य चकचकीत दिसते आणि त्याचे मोल झपाट्याने उतरते. निकेलचा मुलामा पातळ असतो. खरखरीत पावडरीने घासला तर खालचे पितळ उघडे पडते. मऊ कापड, अगदी थोडा ओलावा आणि पुष्कळसा धीर एवढेच तेथे पुरते. दुसरी चूक तारांची. एकोणिसाव्या शतकातले बहुतेक बँजो आतड्याच्या तारांसाठी घडविलेले होते. त्यांवर पोलादी तारा ताणल्या तर काही महिन्यांत दांडी वाकते, टाचेजवळ फट पडते.

जैन घरात अशा वाद्याला हात घालताना येथेच खरा पेच उभा राहतो, कारण जुन्या बँजोत जिवाचा अंश ठायी ठायी आहे. पुडी वासराच्या कातड्याची, तारा आतड्याच्या, खुंट्या कधी हस्तिदंताच्या, सांधे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने जोडलेले. यांपैकी पुडी आणि तारा यांचा प्रश्न सहज सुटतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पॉलिएस्टरच्या पुड्या बाजारात आल्या आणि दमट हवेत सैल पडणाऱ्या कातड्यापेक्षा पुष्कळ वादकांना त्याच सोयीच्या वाटल्या. आतड्याऐवजी नायलॉनच्या तारा दांडीवर बेताचाच ताण देतात. मात्र जुन्या कड्यांचे माप आजच्या ठरावीक मापांशी जुळेलच असे नाही. शिवाय लाकूड काळाने वाकडे होते, म्हणून व्यास दोन-तीन ठिकाणी मोजून, पुडीची उंचीही तपासून मगच ती मागवावी.

सरसाचा प्रश्न कठीण. उष्णता आणि ओलावा दिला की सरसाचा सांधा सुखरूप सुटतो, म्हणून जाणकार कारागीर आजही त्यालाच कौल देतात. रासायनिक गोंद अहिंसक खरा, पण त्याने जोडलेला सांधा पुढच्या दुरुस्तीच्या वेळी लाकडासकट फुटण्याचा धोका असतो. ज्या कुटुंबाला सरस चालत नाही, त्याने कारागिराला काम देण्यापूर्वीच तसे सांगावे आणि शक्य असेल तर सांधा न उघडताच वाद्य उभे करता येते का, हे विचारावे. पुष्कळदा तसे करता येते.

हस्तिदंताची गोष्ट कायद्याशीही जोडलेली आहे. आफ्रिकी हत्तीच्या दाताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील बंदीचा निर्णय १९८९ मध्ये झाला. ब्राझीलच्या रोझवूडवरही १९९२ पासून कडक निर्बंध आहेत. अशा वस्तू जडविलेले वाद्य परदेशातून भारतात आणायचे झाले, तर परवान्यांची चौकशी खरेदीपूर्वी करणे इष्ट. जकातीच्या टेबलावर ती करण्यात अर्थ नाही.

जे भाग काढावे लागतील, तेही टाकू नयेत. फाटलेली पुडी, मोडकी घोडी, गंजलेला हूक सुती पिशवीत घालून, कोणता भाग कोठून व केव्हा काढला याची चिठ्ठी जोडून वाद्याच्या पेटीतच ठेवावेत. उद्या एखाद्या जाणत्याने ती पेटी उघडली, तर कड्यावरच्या जुन्या हुकांशी पिशवीतला हूक ताडून पाहता येईल.