परदेशातील भोजन, प्रवास आणि कार्डाचा व्यवहार

व्यापाऱ्याला परका मुलुख नवा नाही आणि परक्या मुलखातील नाणेही नवे नाही. डिसेंबर १९६१ पर्यंत आपल्या गोमंतकात पेडण्याहून पत्रादेवीचा नाका किंवा डिचोलीहून दोडामार्गाची हद्द ओलांडली की राज्य बदले आणि त्याबरोबर चलनही बदले. अलीकडे बांको नासियोनाल उल्ट्रामारिनोच्या नोटा, पलीकडे भारताचा रुपया. १९५९ साली तर येथील रुपिया जाऊन एका रुपियास सहा या हिशेबाने एस्कुदो आला. हुंडणावळ किती पडली, बट्टा किती कापला गेला, हे पाहिल्यावाचून त्या काळचा व्यापारी वही मिटत नसे.

आज आपली मुले शिक्षणासाठी, आणि आपण स्वतः खरेदीसाठी वा सहलीसाठी लंडन, लिस्बन, न्यूयॉर्कपर्यंत जातो. खिशात नोटांच्या जागी कार्ड असते. परंतु हुंडणावळ नाहीशी झालेली नाही; ती केवळ डोळ्यांआड झाली आहे. म्हणूनच तिचा विचार येथे करावयाचा आहे.

कार्डाचे मूळ तत्त्व आपल्या पेढ्यांना परिचित असेच आहे. डेबिट कार्ड हे दर्शनी हुंडीसारखे होय. दाखविताच खात्यातील रक्कम वजा होते. क्रेडिट कार्ड हे मुदती हुंडीच्या जातीचे. माल आज, भरणा पुढे. न्यूयॉर्क येथे १९५० साली निघालेले डायनर्स क्लबचे कार्ड तर प्रथम उपाहारगृहांतील बिलांसाठीच होते. तथापि ज्या भोजनाच्या मेजावर या पद्धतीचा जन्म झाला, तेथेच आज देशादेशांचे रिवाज सर्वाधिक भिन्न आहेत.

आपल्याकडे दुकानात कार्ड दिले की यंत्रावर गुप्तांक दाबावा लागतो. २०२१ पासून पाच हजार रुपयांपर्यंतची रक्कम कार्ड नुसते यंत्राला टेकवूनही देता येते. घरबसल्या खरेदी केली तर भ्रमणध्वनीवर एकवार वापरावयाचा अंक येतो. परदेशात हा पहारा सर्वत्र असतोच असे नाही. कित्येक परदेशी विक्रेते केवळ कार्डावरील क्रमांक व मुदत घेऊन रक्कम वसूल करतात. याच कारणास्तव रिझर्व्ह बँकेने २०२० साली असा नियम केला की नव्या कार्डाचा परदेशातील वापर आरंभी बंद असावा व ग्राहकाने तो स्वतः सुरू करावा. सबब निघण्यापूर्वी तो सुरू करून रकमेची मर्यादा ठरवावी, आणि परतताच पुन्हा बंद करावा. हे न केल्यामुळे ऐन जेवणानंतर कार्ड नाकारले जाण्याची नामुष्की ओढवते.

अमेरिकेत वाढपी बिल आणतो व पुष्कळदा कार्ड घेऊन आत निघून जातो. आपल्या माणसाच्या मनात येथेच शंका येते. परंतु तो तेथील जुना रिवाज आहे. परत आलेल्या पावतीवर बक्षिशीची रक्कम व एकूण बेरीज आपल्या हाताने लिहून सही करावयाची असते. साधारणतः पंधरा ते वीस टक्के बक्षिशी अपेक्षित धरली जाते. समजा, बिल ८० डॉलरांचे असून १८ टक्के बक्षिशी दिली, तर प्रथम ८० डॉलरांचा संदेश येईल आणि मागाहून खात्यावर ९४ डॉलर ४० सेंट पडतील. ही लबाडी नव्हे. मात्र बेरीज स्पष्ट लिहावी व आपली प्रत जपून ठेवावी. तक्रारीची वेळ आली तर तोच पुरावा.

युरोपात बहुधा यंत्रच मेजाशी आणतात आणि कार्ड आपल्या नजरेआड होत नाही. इंग्लंडात बिलात सेवाशुल्क आधीच मिळविलेले असू शकते. ते न वाचता वर बक्षिशी दिली तर दोनदा दिल्यासारखे होते. फ्रान्समध्ये सेवेचे मोल पदार्थाच्या किमतीतच असते. जर्मनीत बक्षिशीसह एकूण आकडा कार्ड लावण्यापूर्वी तोंडी सांगावा लागतो. जपानात बक्षिशीची चाल नाही. पोर्तुगालमध्ये १९८५ पासून चालत आलेली मल्टिबांको ही स्वदेशी व्यवस्था आहे. लहान दुकानांपैकी काही तिचीच कार्डे घेतात, म्हणून थोडे रोख युरो जवळ असावेत.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. परदेशातील यंत्र पुष्कळदा विचारते, ‘रक्कम रुपयांत घ्यावी की स्थानिक चलनात?’ रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो आणि मनुष्य तोच निवडतो. परंतु तो दर आपल्या बँकेचा नसून तेथील मध्यस्थाचा असतो, आणि त्याचा नफा त्यातच दडलेला असतो. केवळ समजण्यापुरते धरू की पौंडाचा दर ११० रुपये आहे. १०० पौंडांचे ११,००० रुपये झाले; त्यावर बँकेची ३.५ टक्के हुंडणावळ ३८५ रुपये, आणि त्या हुंडणावळीवर १८ टक्के कर ६९ रुपये ३० पैसे. एकूण ११,४५४ रुपये ३० पैसे. तोच व्यवहार मध्यस्थाने ११६ च्या दराने केला, तर ११,६०० रुपये होतील. शिवाय कित्येक बँका अशा रुपयांतील परदेशी व्यवहारावरही सुमारे एक टक्का घेतात. तो व त्यावरील कर धरून ११,७३६ रुपये ८८ पैसे पडतील. एका जेवणात २८२ रुपयांचा बट्टा! म्हणून स्थानिक चलनच निवडावे.

प्रवासाचेही काही नियम आहेत. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे चालत नाहीत. भुयारी रेल्वेत शिरताना व बाहेर पडताना एकच कार्ड टेकवावे; एकदा कार्ड व एकदा भ्रमणध्वनी वापरल्यास ते दोन निराळे प्रवासी समजले जाऊन अधिक भाडे पडते. हॉटेले अनामत म्हणून काही रक्कम अडवून ठेवतात. डेबिट कार्ड दिले तर आपलीच शिल्लक अडकते, सबब तेथे क्रेडिट कार्ड द्यावे. अमेरिकेतील पेट्रोल पंप तेथील टपालाचा पाच अंकी क्रमांक मागतात. आपले कार्ड तेथे अडते, तेव्हा आत जाऊन पैसे द्यावेत. दोन कार्डे दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावीत. अनोळखी रक्कम दिसताच बँकेस कळवावे; बँक व ग्राहक दोघांचाही दोष नसेल तेव्हा नुकसान सोसावे लागू नये म्हणून रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने तीन कामकाजी दिवसांची मुदत घातली होती. म्हणजे विलंब हाच खरा शत्रू.

शेवटी एक गोष्ट आपल्या दुकानांविषयी. पणजीत वा किनाऱ्यावर आपल्या पेढीवर परदेशी पाहुणा येतो, तेव्हा आपल्या यंत्रावरही हाच प्रश्न उमटू शकतो. गिऱ्हाइकाच्या वतीने स्वतःच बटण दाबणे सोपे आहे. त्यात दोन पैसे सुटतही असतील. परंतु घरी पोहोचल्यावर हिशेब पाहणाऱ्या त्या पाहुण्याच्या मनात आपल्या दुकानाचे नाव कोणत्या रकान्यात लिहिले जाईल? यंत्र त्याच्यासमोर ठेवावे, दोन्ही आकडे दाखवावेत आणि निवड त्याची त्याला करू द्यावी. परक्या मुलखात आपण ज्या सचोटीची अपेक्षा करतो, ती प्रथम आपल्या गादीवर दिसली पाहिजे. हुंडी ज्या पतीवर चालली, त्याच पतीवर कार्डही चालते.