काठी, व्हीलचेअर आणि समुद्राची वाळू

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या गावचे एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले आणि त्यांनी माझ्या टेबलावर एक रंगीत पुस्तिका ठेवली. मुलगा अमेरिकेत, फ्लोरिडात असतो. त्याने आईवडिलांसाठी बोटीच्या सफरीची तिकिटे काढली होती. मेक्सिकोचे कोझुमेल, केमन बेटांवरचे जॉर्जटाऊन आणि बहामामधले कॅस्टअवे के हे छोटे बेट, असा तो फेरा होता. प्रश्न काकूंचा होता. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारे गेले. घरात त्या चार पायांची काठी घेऊन चालतात, लांब जायचे तर व्हीलचेअर लागते. शिवाय जुना मधुमेह.

माझ्या तोंडून आधी "कशाला ही यातायात?" असेच निघाले. काकू बाहेरच्या बाकावरूनच म्हणाल्या, "डॉक्टर, माझं माहेर हर्णै. तीन वर्षांत समुद्राला पाय लागले नाहीत." मी निमूटपणे पुस्तिका उघडली.

अशा सफरीत पहिली गोष्ट पाहायची ती ही, की बोट धक्क्याला लागते की दूर समुद्रात थांबते. धक्का असेल तर उतारावरून व्हीलचेअर खाली नेता येते. कोझुमेलला आणि कॅस्टअवे केला बोट धक्क्यालाच लागते. जॉर्जटाऊनला मात्र मोठ्या बोटींसाठी धक्का नाही. तसा धक्का बांधावा का, यावर तेथील लोकांनी एप्रिल २०२५ मध्ये मतदान केले आणि नको म्हणून सांगितले. तेव्हा तेथे छोट्या नावेतून किनारा गाठावा लागतो. दोन्ही नावा लाटांवर हलत असताना मधल्या फटीवरून एक पाऊल टाकायचे असते. धडधाकट माणसाला ते काहीच नाही; अर्धे अंग लुळे असलेल्याला तेच एक पाऊल महागात पडते. मी गुरुजींना सांगितले, जॉर्जटाऊनला काकूंनी बोटीवरच राहायचे. तेथे हट्ट करायचा नाही.

आता वाळूविषयी. काठीचे टोक म्हणजे रुपयाएवढे रबर. सगळा भार तेवढ्याशा जागेवर येतो आणि ती कोरड्या वाळूत रुतते. चार पायांची काठी अधिक सुरक्षित, हा समज फरशीवर खरा आहे. वाळूत तिचा एक पाय आधी खचतो आणि काठी माणसासकट कलते. गुरुजींना हे पटेना. त्यांनी सुताराकडून काठीखाली फळी ठोकून घेतली. ती घरच्याच उंबऱ्याला अडखळली! मग मी दोघांना संध्याकाळी नदीच्या वाळूत सराव करायला पाठवले. काठी चांगल्या हातात, म्हणजे उजव्या. मदतनीस लुळ्या बाजूला, किंचित मागे. आणि लुळ्या हाताला धरून कधीही ओढायचे नाही. अर्धांगवायूत खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, ओढल्याने सांधा निसटतो आणि पुढे महिनोन् महिने ठणकत राहतो. उचलून घ्यायचे तर कमरेच्या पट्ट्याला धरून.

मधुमेह असणाऱ्या वाचकांनी पुढचे नीट वाचावे. माझे एक रुग्ण एप्रिल महिन्यात कोकणातल्या किनाऱ्यावर भर दुपारी अनवाणी चालले. पाय बधिर, त्यामुळे चटका कळलाच नाही. संध्याकाळी मोज्यावर डाग दिसला तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड आले होते. जखमा भरायला अडीच महिने गेले आणि एक बोट काढावे लागले. म्हणून काकूंना सांगितले, पाण्यातसुद्धा मागून पट्टा असलेली चप्पल काढायची नाही, आणि परतल्यावर बोटांच्या बेचकीतली वाळू दुसऱ्या कोणी तरी डोळ्यांनी पाहून काढायची. इन्सुलिन उन्हात ठेवायचे नाही, थंड पिशवीत ठेवायचे. बर्फाला चिकटूनही नाही.

काकू जाऊन आल्या. जॉर्जटाऊनला समुद्र खवळलेला होता. गुरुजी उतरले, त्या बोटीवरच थांबल्या. कॅस्टअवे केला वाळूसाठी फुग्यासारख्या रुंद चाकांच्या खुर्च्या फुकट मिळतात, पण जो आधी पोहोचेल त्याला. मुलगा सकाळीच जाऊन उभा राहिला. ही खुर्ची बसणाऱ्याला स्वतः चालवता येत नाही, ढकलायला दणकट माणूस लागतो, हे जाण्याआधी लक्षात घ्यावे. मुलगा आणि सून दोघांनी मिळून ती पाण्यापर्यंत नेली. काकूंनी चप्पल घालूनच वीस मिनिटे पाय भिजवले. "पाणी फारच निळं," एवढेच मला सांगितले. हर्णैची सर नाही, हा त्याचा अर्थ मी लावला.

आपल्याकडे काय? चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हीलचेअरसाठी समुद्राकडे जाणारा लाकडी रस्ता झाला. पुढच्याच महिन्यातल्या वादळात तो मोडला, पुन्हा दुरुस्त केला. आपल्या गावांच्या किनाऱ्यांवर अशी सोय होईल तेव्हा होईल, तोवर ओहोटीची वेळ पाहून जावे. पाणी उतरले की मागे राहिलेली ओली वाळू घट्ट असते. हर्णैला तर मासळीच्या बैलगाड्या त्याच वाळूवरून पाण्यापर्यंत जात आल्या आहेत. कोरड्या पट्ट्यातून साधी व्हीलचेअर पुढे ढकलू नये, पुढची छोटी चाके रुततात. खुर्ची उलटी फिरवून, मागे कलती करून, मोठ्या चाकांवर ओढत न्यावी. जानेवारीत गुरुजी आणि भाचे मंडळींनी काकूंना असेच नेले.

घरी आल्यावर खुर्ची गोड्या पाण्याने धुऊन, पुसून चाकांना तेल द्यायला मी बजावले होते. गुरुजी ते विसरले. आता काकू तपासणीला येतात, तेव्हा खुर्चीची कुरकुर मला दोन दुकाने अलीकडूनच ऐकू येते.