सीसीएन पास्कल : मुंबईत घडलेली भाषा

संत्र्याच्या हंगामात काटोलच्या धरमकाट्यावर एका वेळी एकच गाडी चढते. दोन गाड्या एकदम चढल्या, तर कुणाचेच वजन खरे येणार नाही. संगणकातही ही शिस्त लागते. ती पाळणे प्रोग्रॅमरच्या मर्जीवर सोडायचे नाही, या आग्रहातून सत्तरच्या दशकात मुंबईत ‘सीसीएन पास्कल’ ही भाषा घडली.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एनसीएसडीसीटी या सॉफ्टवेअर केंद्रात मथाई जोसेफ, व्ही. आर. प्रसाद, के. टी. नारायण आदी मंडळी अनेक प्रोसेसरांच्या संगणकासाठी ऑपरेटिंग सिस्टिम रचत होती. अडचण अशी : एक प्रोसेसर मेमरीतला १० हा आकडा वाचतो, त्याच क्षणी दुसराही तोच वाचतो. दोघे एकेक मिळवून ११ लिहितात. यायला हवे होते १२. ही चूक दर वेळी होत नाही, म्हणून चाचणीत सापडत नाही आणि नेमकी ऐन कामाच्या वेळी डोके वर काढते.

यावर टोनी होअर आणि पेर ब्रिंच हान्सन यांनी ‘मॉनिटर’ ही कल्पना मांडली होती. सामायिक माहिती मॉनिटरच्या आत राहते. तिला हात लावायचा तर त्याच्याच ठरावीक प्रक्रियांमधून, आणि एका वेळी एकानेच. निक्लॉस विर्थ यांच्या १९७० च्या पास्कल भाषेला मुंबईकरांनी मॉनिटर, प्रोसेस, क्लास यांची जोड दिली. नियम मोडणारा प्रोग्रॅम कंपायलरच, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअरच, अडवू लागला. १९७९ मध्ये या भाषेवरचा शोधनिबंध ‘सॉफ्टवेअर : प्रॅक्टिस अँड एक्सपीरियन्स’मध्ये आला. १९८४ मध्ये जोसेफ, प्रसाद आणि एन. नटराजन यांचे ‘अ मल्टिप्रोसेसर ऑपरेटिंग सिस्टिम’ हे पुस्तक प्रेंटिस-हॉलने काढले.

पुढे युनिक्स आणि सी यांचा प्रसार झाला. सी भाषा वेगवान आणि मोकळीढाकळी होती; सामायिक माहिती सांभाळणे तिने प्रोग्रॅमरवरच सोपवले. पास्कलच्या वंशातल्या अशा भाषा मागे पडल्या. १९९५ च्या जावाने मॉनिटर घेतला, पण तो वापरण्याची सक्ती ठेवली नाही. १९९९ मध्ये ब्रिंच हान्सन यांनी त्यावर जाहीर टीका केली. सामायिक माहिती हाताळण्यातली चूक कंपायलरने अडवावी, हा आग्रह आज रस्ट भाषेमुळे पुन्हा मान्यता पावतो आहे.

आता मोबाइलमध्येही अनेक कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे प्रोसेसर, असतात. ज्या प्रश्नाला मुंबईत भिडले गेले, तो प्रत्येकाच्या खिशात आहे. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात सी आणि जावाच्या बरोबरीने सीसीएन पास्कलचीही काही पाने यायला हवीत. भाषा घडवण्याची हिंमत आपल्याकडे होती, हे विद्यार्थ्यांना पुराव्यासह कळेल.