मखदूम मोहिउद्दीन : दोन युद्धं आणि १७ वर्षांचं अंतर

टँक बंडवर मखदूम मोहिउद्दीन यांचा पुतळा आहे, हिमायतनगरात मखदूम भवन आहे. नाव ओळखीचं, पण पुस्तकं किती जणांनी पाहिली? त्यांची सालं अशी : ‘सुर्ख सवेरा’ १९४४, ‘गुल-ए-तर’ १९६१, ‘बिसात-ए-रक्स’ १९६६. पहिल्या दोहोंत तब्बल १७ वर्षं! मी पडलो इंजिनिअर. मोजमापात असा खंड दिसला की कारण शोधल्याशिवाय राहवत नाही.

मखदूम १९०८ सालचे, मेदक जिल्ह्यातले. सिटी कॉलेजात शिकवत. पुढे नोकरी सोडून पूर्णवेळ कम्युनिस्ट चळवळीत उतरले. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा पक्ष म्हणत होता, हे साम्राज्यांचं भांडण आहे. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर चालून गेला आणि तेच ‘लोकयुद्ध’ ठरलं. मखदूम यांच्या लेखणीत युद्धाची दोन्ही रूपं सापडतात. ‘सिपाही’मध्ये लढायला निघालेला शिपाई आणि मागे राहिलेली भुकेली पोरं आहेत, ‘जंग-ए-आझादी’ मात्र युद्धालाच मुक्तीचं गाणं करते. ‘सिपाही’ आपण ऐकलेली आहे बरं का! १९६०च्या ‘उसने कहा था’ चित्रपटात मन्ना डे यांनी ती गायली.

दुसरं युद्ध घरातलंच. १९४६पासून तेलंगणातला शेतकरी देशमुखांच्या वेठबिगारीविरुद्ध उठला, पुढे हाती शस्त्रं आली. आपण मराठी माणसं ही गोष्ट १७ सप्टेंबर १९४८ला संपवतो : निजामशाही गेली, मुक्ती झाली. पण तेलंगणातला लढा ऑक्टोबर १९५१पर्यंत चालला, आता भारत सरकारविरुद्ध. मखदूम भूमिगत होते, १९५१मध्ये पकडले गेले. १९५२च्या पोटनिवडणुकीत हुजूरनगरातून आमदार झाले.

म्हणजे ते अंतर रिकामं नव्हतंच. ‘गुल-ए-तर’मधली ‘चांद तारों का बन’ ही कविता वाचा : स्वातंत्र्यापूर्वीची आशा, नंतरचा विश्वासघात आणि तरीही पुढे चालणं. त्याच संग्रहात चमेलीच्या मांडवाखालचं प्रेमही आहे. म्हणून ‘राजकारणाने कवी संपवला’ हे मला पटत नाही. आवाज खाली आला, एवढंच.

२५ ऑगस्ट १९६९ला ते गेले. त्याच वर्षाचा साहित्य अकादमी पुरस्कार ‘बिसात-ए-रक्स’ला मिळाला. दर १७ सप्टेंबरला या शहरात ‘मुक्ती की विलीनीकरण’ हा वाद रंगतो. मखदूम दोन्ही बाजूंना अडचणीचे आहेत : ते निजामाविरुद्ध लढले आणि त्यानंतरही थांबले नाहीत.